दुय्यमांचा पुनर्शोध आणि समीक्षेचे ऋण

विस्मृतीत गेलेली कलाकृती शोधून काढणे हे काम चांगलेच असते, असे सांस्कृतिक व्यवहारात गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासण्याची वेळ सहसा येत नाही. कारण शोधली गेलेली कलाकृती बहुधा मोलाची ठरलेली असते आणि तिच्या मोलामुळे शोधाचे समर्थन आपोआप होते. परंतु शोधलेली कलाकृती मोठी नसेल, ती ज्या प्रकारात मोडते तो प्रकारच हलक्या अभिरुचीचा ठरवला गेला असेल आणि त्या प्रकारातही ती दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली असेल, तर तिच्या पुनर्शोधाचे समर्थन कशाच्या आधारे करावयाचे? असा शोध कोणावर उपकार करतो: विस्मृत कलावंतावर, शोधणाऱ्यावर, की कोणावरच नाही? १९८० च्या दशकातील ग्लॅम मेटल या संगीतप्रकारातील अल्पज्ञात बँडांचा जो शोध अलीकडे रसिकांनी चालविला आहे, त्याच्या निमित्ताने हा प्रश्न नेमकेपणाने मांडता येतो. मराठी समीक्षेला तो वाटतो तितका परका नाही.

१

ग्लॅम मेटल प्रामुख्याने लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील क्लबांमध्ये वाढले. मार्क बोलन, डेव्हिड बोवी, न्यूयॉर्क डॉल्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली पुरुषांची रंगभूषा आणि चमकते कपडे, हेवी मेटलचा गिटारप्रधान आवाज आणि समुदायाला सहज उचलता येईल असे ध्रुवपद, या तिन्हींच्या मिश्रणातून हा प्रकार सिद्ध झाला. नोव्हेंबर १९८३ मध्ये क्वायट रायट या बँडचा 'मेटल हेल्थ' हा अल्बम अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. मॉटली क्रू, रॅट, पॉयझन, सिंड्रेला ही नावे पुढील काही वर्षांत संगीतवाहिन्यांमुळे घरोघर गेली. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' प्रसिद्ध झाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या नव्या अभिरुचीने रंगभूषा, झगमगाट व उत्सवी सूर यांना अप्रामाणिकपणाची खूण ठरविले. त्या दशकातील कित्येक बँड दोन-तीन वर्षांत व्यवहारातून बाद झाले.

आज ज्यांचा शोध घेतला जातो ते या यशस्वी नावांच्या मागे उभे असलेले लोक आहेत. फिनलंडचा हॅनोई रॉक्स, वेल्सचा टायगरटेल्झ, लॉस एंजेलिसचा प्रेटी बॉय फ्लॉइड ही त्यांतल्या त्यांत ओळखीची नावे होत. त्यांच्याही खाली, ज्यांची मजल नमुन्यादाखल केलेल्या एखाद्या ध्वनिफितीपलीकडे कधी गेली नाही, अशा बँडांचा मोठा थर आहे. छोट्या ध्वनिमुद्रण संस्था या फिती मिळवून, स्वच्छ करून, मोजक्या प्रतींत प्रसिद्ध करतात. त्यांच्यासोबत येणाऱ्या लेखनाचा सूर बहुधा एकच असतो: हा बँड मोठा व्हायला हवा होता, काळाने त्याच्यावर अन्याय केला.

या विधानात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. एखादी कलाकृती विस्मृत असू शकते, म्हणजे ती पूर्वी ऐकली गेली होती आणि पुढे विसरली गेली. ती उपेक्षित असू शकते, म्हणजे तिला श्रोता मिळण्याची संधीच नाकारली गेली. आणि ती दुय्यम असू शकते, म्हणजे ऐकल्यानंतरही ती तिच्या प्रकारातल्या चांगल्या कृतींच्या बरोबरीची ठरत नाही. पहिल्या दोन अवस्था कलाकृतीच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीविषयी आहेत. तिसरी तिच्या गुणवत्तेविषयी आहे. उपेक्षेतून थोरवी सिद्ध होत नाही आणि दुय्यमत्वातून उपेक्षेचे समर्थन होत नाही. संग्राहकाची भाषा मात्र पहिल्यावरून तिसऱ्याविषयी निष्कर्ष काढते. जे दुर्मिळ ते मोलाचे, हा बाजाराचा नियम तेथे सौंदर्याचा निकष होऊन बसतो.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या आपल्या अभिरुचीविषयक निबंधात काळाच्या कसोटीला मोठे स्थान दिले. अथेन्स व रोम येथे आवडलेला होमर पॅरिस व लंडन येथेही आवडतो, हा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. परंतु काळाच्या परीक्षेला बसण्यासाठी कलाकृती आधी उपलब्ध असावी लागते. ज्या फितीच्या प्रती बँडच्या मित्रमंडळापलीकडे कधी गेल्याच नाहीत, तिला काळाने नापास केले असे म्हणता येत नाही. पुनर्शोधाच्या बाजूने करता येणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. तथापि परीक्षेला बसू न दिलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसू द्यावे एवढेच त्यातून निघते. त्याला उत्तीर्ण घोषित करावे, हे निघत नाही.

२

हा प्रश्न मुंबईच्या संदर्भात अधिक गुंतागुंतीचा होतो. १९७० व १९७१ साली एका सिगारेट उत्पादकाच्या नावे भरविल्या गेलेल्या 'सिमला बीट' या अखिल भारतीय स्पर्धेतून रॉक बँडांच्या तबकड्या निघाल्या. पुढे पाश्चात्त्य संग्राहकांनी त्या शोधून काढल्या आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. मुंबईच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी १९८१ साली, बँड विखुरल्यानंतर निघाली. २०११ मध्ये 'नाऊ-अगेन' या अमेरिकन संस्थेने या बँडचे ध्वनिमुद्रण पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मुंबईत या बँडविषयी ज्यांना काही सांगता आले असते अशांची संख्या थोडीच होती.

या बँडशी काही काळ निगडित असलेले गायक नंदू भेंडे हे आत्माराम व आशा भेंडे या मराठी रंगभूमीवरील दांपत्याचे पुत्र. अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये १९७४ साली त्यांनी जुडासची भूमिका गायिली. ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेले 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातला अंकुश त्यांनी केला आणि संगीतातही त्यांचा वाटा होता. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'साठी त्यांनी पार्श्वगायन केले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

भेंडे यांच्या या कारकिर्दीचे तुकडे वेगवेगळ्या कपाटांत पडलेले दिसतात. परदेशी संग्राहकाला त्यांच्यात हिंदुस्थानी रॉकचा एक दुर्मिळ आवाज दिसतो. 'तीन पैशाचा तमाशा' ही गोष्ट त्याच्या दृष्टिक्षेपाबाहेर राहते. मराठी नाट्यसमीक्षेला अंकुश दिसतो. परंतु तो ज्या गायनपद्धतीतून आला ती मुंबईच्या महाविद्यालयांत आणि हॉटेलांत दहा वर्षे घडत होती, याची नोंद ती क्वचितच घेते. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांना अभिप्रेत असलेले शहरी, काहीसे उद्दाम गाणे मराठी रंगमंचावर आणताना लावणीच्या बरोबरीने त्या रॉक गायकीचा काय उपयोग झाला, हा प्रश्न विचारण्यासाठी दोन्ही कपाटे एकदम उघडावी लागतात. अरुण कोलटकरांनी १९७३ च्या सुमारास स्वतः इंग्रजी गाणी रचून ध्वनिमुद्रित केली होती, ही बाबही त्यांच्या कवितेच्या चर्चेत बराच काळ कुतूहलाच्या पातळीवरच राहिली.

ग्लॅम मेटलच्या प्रत्यक्ष काळाशी समांतर उभा राहणारा मुंबईचा बँड म्हणजे १९८४ मध्ये सुरू झालेला 'रॉक मशीन'. महेश तिनईकर, उदय बेनेगल, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया ही त्यातली प्रमुख नावे. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे अल्बम निघाले. इतरांची गाणी वाजविण्याचा प्रघात असलेल्या काळात स्वतःची गाणी घेऊन उभे राहणे, हे त्यांचे वेगळेपण होते. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून होऊ लागलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने अशा अनेक बँडांना श्रोते दिले. त्यांपैकी बहुतेकांच्या नावाने एकही अल्बम निघाला नाही.

या बँडांच्या वाट्याला आलेली उपेक्षा दुहेरी आहे. पाश्चात्त्य इतिहासाने त्यांना दूरच्या अनुकरणकर्त्यांत जमा केले. इकडे देशीवादाच्या प्रभावाखालील विचाराला ते इंग्रजीत गाणारे, मुळे नसलेले, उच्चवर्गीय वाटले. यांतला वर्गाविषयीचा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. विजेची गिटार आणि ध्वनिवर्धक विकत घेऊ शकणारे तरुण मुंबईत फार नव्हते. परंतु अनुकरणाचा आक्षेप जसा मांडला जातो तसा टिकत नाही. प्रत्येक उसनवारी सारखी नसते. उसना घेतलेला आकार कोठे तसाच राहिला आणि कोठे वाकला, हे गाणे ऐकूनच ठरवावे लागते. न ऐकता 'अनुकरण' म्हणणे आणि न पारखता 'हरवलेले रत्न' म्हणणे, या दोन्ही कृतींत एक साम्य आहे. दोन्हींत कलाकृतीपर्यंत पोहोचण्याआधीच निकाल लागलेला असतो.

३

उसनवारी, झगमगाट आणि दुय्यमत्व यांविषयीचा हाच प्रश्न ग्रामीण कोकणातून पाहिला असता वेगळा दिसतो. चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरचे आणि कोकण रेल्वेवरचे गाव. या परिसरातील वाड्यावाड्यांतून नमन-खेळे आणि जाखडी यांची परंपरा आहे. नमनात गणानंतर गवळण येते आणि गवळणी म्हणून उभे राहणारे पारंपरिकपणे पुरुषच असतात. त्यांचे रंगवलेले ओठ, जरीचे पातळ आणि लाडिक चालणे यांनी वाडीतील कोणाला धक्का बसल्याचे ऐकिवात नाही. लॉस एंजेलिसच्या तरुणांनी ओठ रंगविले तेव्हा अमेरिकेत जो नैतिक गदारोळ झाला त्याच्याशी हे ताडून पाहिले, म्हणजे पुरुषाची रंगभूषा हा स्वतःहून कसलाच संदेश नसतो, हे लक्षात येते. ज्या समाजाने वेषांतराला खेळाच्या चौकटीत जागा दिली, त्याला त्यातून बंडही दिसत नाही आणि ढोंगही दिसत नाही.

जाखडीचे उदाहरण अधिक उपयुक्त आहे. मध्यभागी शाहीर व वादक बसतात आणि पायात घुंगरू बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. शक्तीला श्रेष्ठ मानणारा कलगीचा पक्ष आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा तुऱ्याचा पक्ष समोरासमोर उभे राहिले की सवाल-जबाब सुरू होतात. आशय पौराणिक असला तरी चाल पुष्कळदा चालू हिंदी-मराठी चित्रपटगीताची असते. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील ज्या कॅसेट-संस्कृतीचे वर्णन केले आहे, तिचेच एक रूप कोकणातही आकाराला आले आणि चाकरमान्यांच्या पिशव्यांतून जाखडीच्या फिती मुंबई व गाव यांच्यामध्ये ये-जा करू लागल्या. ग्लॅम मेटलच्या नमुना-फिती आणि जाखडीच्या फिती या एकाच स्वस्त तंत्राची अपत्ये होत.

जाखडीच्या या फितींकडे लोकसाहित्याच्या अभ्यासकाचे फारसे लक्ष गेले नाही, याचे कारण त्या विस्मृत होत्या हे नव्हे. त्या अशुद्ध होत्या. ज्याला परंपरा हवी असते त्याला सिनेमाची चाल नको असते. तो तिच्या मागचे, अधिक जुने काही तरी शोधत राहतो. येथेही पुनर्शोध निवड करतो आणि त्या निवडीचा निकष शोधणाऱ्याच्या गरजेतून येतो. संग्राहकाला दुर्मिळ हवे, संशोधकाला शुद्ध हवे. दोघांनाही जे समोर आहे ते आहे तसे नको असते.

परंतु जाखडीच्या सामन्यात एक गोष्ट आहे जी या दोघांच्या व्यवहारात नाही. तेथे शाहिराला उत्तर मिळते. त्याने टाकलेल्या सवालाला प्रतिपक्ष जबाब देतो; जबाब कच्चा असेल तर समोरच्या पाटावर बसलेला म्हातारा तो कच्चा असल्याचे बोलून दाखवतो. हरलेला शाहीर पुढच्या वर्षी कदाचित कोणाच्या स्मरणात राहणार नाही. तथापि त्याची उपेक्षा झाली असे म्हणता येत नाही. कारण त्याचे म्हणणे पूर्ण ऐकले गेले, समजून घेतले गेले आणि मग अपुरे ठरले. विसरले जाणे आणि अपमानित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सामन्याची रीत नकळत शिकविते.

यावरून पुनर्शोधाच्या नैतिकतेविषयी एक विधान करता येते. विस्मृत कलावंताचा आपल्यावर हक्क असेलच, तर तो स्तुतीचा हक्क नसून समीक्षेचा हक्क आहे. त्याची कृती पुन्हा उपलब्ध करणे ही केवळ पूर्वअट झाली. तिला उत्तर देणे, म्हणजे ती काय करू पाहते, ते कितपत साधते, कोठे चुकते हे सांगणे, हे खरे ऋण आहे. उत्तरात नकाराची शक्यता नसेल तर ते उत्तर नव्हे. लहान मुलाने दाखविलेल्या प्रत्येक चित्राला 'छान' म्हणणारा मोठा माणूस त्या चित्राकडे पाहत नसतो. विस्मृतांची सरसकट स्तुती करणारा रसिकही नेमके हेच करतो.

४

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, इतिहासाने पराभूतांवर केलेल्या अन्यायाची भरपाई करताना थोडी अतिशयोक्ती क्षम्य मानावी. वॉल्टर बेन्यामिनने १९४० च्या आपल्या इतिहासविषयक टिपणांत विजेत्यांच्या वारशाकडे संशयाने पाहण्यास सांगितले, आणि या आक्षेपाला त्याचा आधार घेतला जातो. परंतु बेन्यामिनचा आग्रह पराभूतांच्या गौरवासाठी नव्हता. भूतकाळातील अपुऱ्या राहिलेल्या अपेक्षांना वर्तमानाने जबाबदार असावे, हे त्याचे म्हणणे होते. मराठीतील उदाहरण घ्यावयाचे तर ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. हा पुनर्शोध न्याय ठरला तो त्या पुस्तकाची आरती झाली म्हणून नव्हे. त्याच्या भाषेतील आवेश, त्यातील युक्तिवादाची उडी, त्यातील विसंगती यांविषयी वाचकांनी व अभ्यासकांनी वाद घातला. १८८२ मध्ये ज्या गंभीर प्रतिवादाची लेखिकेला गरज होती तो जवळजवळ शंभर वर्षांनी सुरू झाला, म्हणून तो न्याय ठरला.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. दुय्यम कृतींचे मूल्यमापन करण्याची गरजच काय? फ्रँको मोरेत्तीने २००० साली दाखविल्याप्रमाणे, एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कादंबऱ्यांपैकी अर्धा टक्का कादंबऱ्या अभिजात परंपरेत उरतात. उरलेल्यांचा अभ्यास आकृतिबंध कसे जगतात आणि मरतात हे समजण्यासाठी करावा. त्यांची प्रतवारी लावू नये. ही पद्धती उपयुक्त आहे, यात शंका नाही. ग्लॅम मेटलचे ध्रुवपद सर्व बँडांत एकाच साच्याचे का झाले, हे शंभर अपयशी बँड ऐकल्याशिवाय कळणार नाही. परंतु येथे कलाकृती पुराव्याच्या पातळीवर येते. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) ज्या कांटची सविस्तर चिकित्सा केली, त्याच्या मते सौंदर्यविधान करणारा इतरांच्या संमतीची मागणी करीत असतो. कलाकृती निर्माण करणाराही अशीच मागणी करीत असतो, असे म्हणावयास हरकत नसावी. नमुना-फीत तयार करणाऱ्या तरुणाने समाजशास्त्राला साधन पुरविण्यासाठी गिटार हातात घेतलेली नव्हती. त्याच्या मागणीला 'नाही' म्हणता येते. परंतु ती केलीच गेली नव्हती असे वागणे बरोबर नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मूल्यमापनाचे निकष कोणाचे? बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे अभिरुची ही वर्गीय भेद टिकविण्याचे साधन असते. मग ज्या निकषांनी ग्लॅम मेटलला उथळ आणि जाखडीला भ्रष्ट ठरविले, तेच पुन्हा लावून समीक्षेचा हक्क दिला असे म्हणावयाचे काय? याचे उत्तर असे की, निकष बाहेरून आणलेले असले तरी ते कलाकृतीच्या सहवासात बदलण्याची तयारी हवी. ग्लॅम मेटलला चिंतनाच्या खोलीचा निकष लावणे हे गवळणीला शोकात्मिकेचा निकष लावण्यासारखे होईल. थोडक्या जागेत बसविलेले गिटारवादन, समुदायाला आपलेसे वाटणारे ध्रुवपद आणि वेषाचे नाट्य गाण्यात मुरण्याची क्षमता हे तेथील गुण होत. या निकषांवरही बहुतेक अल्पज्ञात बँड कमी पडतील. ध्रुवपद उसने निघेल, वादन केवळ वेगवान ठरेल. मात्र तो निकाल त्यांच्या स्वतःच्या भूमीवर लागलेला असेल.

५

पुनर्शोधाच्या व्यवहारात ऋणाचा एक भौतिक भागही आहे. जुनी फीत नव्याने विकली जाते तेव्हा वादकाला विचारले गेले काय, त्याचे नाव बरोबर छापले काय, त्याला मोबदला मिळाला काय, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचे मानले जातात. परंतु ज्या माणसाची परवानगी घेतली गेली नाही त्याच्यावर उपकार केल्याचा दावा करणे विसंगत आहे. जाखडीच्या फितींबाबत हा प्रश्न अधिक अवघड होतो. कारण तेथे चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे आणि फेर साऱ्या वाडीचा असतो.

कॅसेटची चुंबकीय पट्टी दीर्घायुषी नसते. कोकणाच्या दमट हवेत तर तिला बुरशी लवकर धरते. सावर्डे परिसरातील घरांच्या माळ्यांवर ज्या फिती असतील त्यांना कॅलिफोर्नियातील संस्था विचारायला येण्याचा संभव कमी आहे, आणि मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेलेल्या बहुतेक बँडांनाही तो नव्हता. पदव्युत्तर अभ्यासक्रमात अशा फिती मिळवणे, त्यांतील शब्द लिहून काढणे, मूळ चित्रपटगीताची चाल ओळखून शाहिराने ती कोठे मोडली आणि कोठे तशीच ठेवली हे नोंदवणे, ही कामे आज करता येण्याजोगी आहेत. त्यांतील पुष्कळ गाणी सामान्य ठरतील. तसे ठरले तर ते कारणांसह, शाहिराच्या हयातीत शक्य असेल तर त्याच्यासमोर सांगावे, आणि त्याला जबाब द्यावयाचा असेल तर तो ऐकून घ्यावा.